सांदवाडीतल्या कोंबड्या: या चुका टाळा, जीव वाचतील

लाली गेली त्या सकाळी तिची मान पाठीकडे उलटी वळली होती आणि ती एकाच जागी गोल गोल फिरत होती. शेणासारखी नाही, हिरवट पाण्यासारखी हगवण लागलेली. नागपूरच्या हुडकेश्वरला आमच्या घरामागच्या सांदवाडीत तेव्हा सात कोंबड्या होत्या. आठ दिवसांत तीन उरल्या. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मानमोडी आली वं पोरी. आता हिच्यावर औषध नाही. बाकीच्यायले पाह्य."

काकूंचं खरं होतं. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे, झाल्यावर त्याला औषध नाही. पण तो माझ्या घरात आला कसा, ते मला फार उशिरा कळलं. आठवडाभर आधी मी आठवडी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणल्या होत्या आणि घरी येताच त्यांना सरळ खुराड्यात सोडलं होतं. बिचाऱ्या उन्हातून आल्या, चार जणींत लवकर रमतील, एवढाच माझा विचार.

नवीन पक्षी त्याच दिवशी जुन्यांत सोडणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. बाजारात वीस घरच्या कोंबड्या एकाच टोपल्यात दाटलेल्या असतात. आणलेली तलंग दिसायला टवटवीत असते, पण रोग अंगात मुरायला चार-सहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणून नवीन पक्षी किमान तीन आठवडे वेगळे ठेवा, महिना ठेवलात तर उत्तम. वेगळे म्हणजे जाळीच्या पलीकडे नव्हे. घराच्या दुसऱ्या बाजूला, त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं, दाण्याचं टोपलं वेगळं. आधी जुन्यांचं दाणापाणी करायचं, मग नव्यांचं, आणि नंतर हातपाय धुऊन चप्पल बदलायची. चपलेच्या तळाला लागलेल्या विष्ठेतूनही राणीखेत या खुराड्यातून त्या खुराड्यात जातो. ज्या घरी कोंबड्या मरताहेत तिथे पाहायला जाऊन आलात, तर अंघोळ केल्याशिवाय आपल्या खुराड्याकडे फिरकू नका.

"पाच-सात कोंबड्यांना कशाला लस?"

मीही असंच म्हणायची. अडचण खरी आहे: लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि आपल्याकडे पक्षी सात. यावर आम्ही गल्लीतल्या चार घरांनी तोड काढली. एकच कुपी आणायची, एकाच सकाळी सगळ्यांकडे द्यायची.

पिल्लं पाच ते सात दिवसांची झाली की लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लशीचं इंजेक्शन, तेही आधी लासोटा झालेल्या पक्ष्यांनाच. त्याच सुमारास देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. पुढचे डोस आपल्या पशुवैद्यकांना विचारून ठरवा. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस देऊ नका.

लस वाया जाते ती बहुतेक वेळा रस्त्यातच. तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. दुकानातून पिशवीत टाकून, गाडीच्या हँडलला लटकवून, मे महिन्यात मानेवाडा रोडने आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, सकाळी सहाच्या आत द्या, आणि कालवलेली लस दोन तासांत संपवा. उरलेली फ्रीजमध्ये जपून ठेवू नका.

नवतप्यात पाणी भरलं म्हणजे झालं, असं समजणं

नागपूरचा उन्हाळा कोंबडीसाठी रोगापेक्षा कमी नाही. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं आणि बाहेर पारा ४५ च्या वर गेला की तिच्याकडे धापा टाकण्यावाचून दुसरा उपाय नसतो. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, गळा थरथरतोय, हे दिसलं की संध्याकाळची वाट पाहू नका.

मी दर सकाळी प्लास्टिकचं घमेलं काठोकाठ भरून ठेवायची आणि निर्धास्त असायची. एका दुपारी घमेलं भरलेलंच दिसलं, म्हणून हात घातला तर पाणी चहाइतकं कढत. कोंबड्या समोर बसून धापा टाकत होत्या, पण पीत नव्हत्या. तेव्हापासून मातीची परळं ठेवते, कडुनिंबाच्या सावलीत, दोन-तीन जागी, म्हणजे दांडगी कोंबडी दुबळीला हाकलू शकत नाही. दुपारी दोनदा पाणी बदलते. एरवी अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरतं, उन्हाळ्यात ते दुप्पट लागतं.

दाण्याची वेळही बदला. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी दाणे टाकणं म्हणजे तापल्या तव्याखाली लाकूड सारणं. पहाटे पाचला आणि दिवस मावळताना द्या. टिनाच्या शेडवर धानाचं तणस किंवा कपाशीच्या पराट्या टाका, बाजूला ओले पोते बांधा. कूलर लावत असाल तर हवा खेळती हवी. बंद खोलीत कूलर लावला की दमट हवेत धापेचा उपयोग होत नाही आणि पक्षी जास्त लवकर जातो.

कोंबडी आडवी पडलीच, तर तिचे पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवा. बर्फाच्या पाण्यात नको, त्या धक्क्यानेच ती जाते. पाणी घशात ओतू नका, श्वासनळीत जाईल. चोचीच्या कडेला ओआरएसचा एकेक थेंब लावा, गिळायची ताकद असेल तर ती स्वतः गिळते.

उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं, त्याचाही धापेशी संबंध आहे. धापांतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात खाणंही घटलेलं असतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ती हवा तेवढा टिपते.

ओलं तूस, ढिली जाळी

पावसाळ्यात खुराड्यात खाली अंथरलेलं तूस मुठीत दाबून पाहा. लाडू वळला तर ते ओलं आहे, आजच काढा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ती झपाट्याने नेते. बुरशी लागलेला मका "वाया कशाला घालवायचा" म्हणून कोंबड्यांना टाकू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

षटकोनी तारेची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, फूटभर जमिनीत गाडा, आणि दिवेलागणीला दार स्वतः लावा. एका संध्याकाळी आम्ही लग्नाला गेलो आणि दार ओढायचं राहिलं. बोक्याला तेवढं पुरलं.

आजार उशिरा दिसणं आणि अंदाजाने गोळी देणं

कोंबडी दुखणं लपवते. कळपात दुबळं दिसलं की बाकीच्या टोचतात, हे तिला ठाऊक असतं. म्हणून सकाळी दार उघडल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा. शेवटी कोण बाहेर आलं, कोणाचं शेपूट खाली आहे, कोण मान आखडून डोळे मिटतंय, विष्ठेचा रंग काय. शंका आली तर उचलून छातीचं हाड चाचपा. सुरीच्या धारेसारखं लागलं, तर ती बऱ्याच दिवसांपासून खात नाहीये.

लालीला पहिल्या दिवशी मी मुलाच्या खोकल्याची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून दिली होती. विषाणूवर तिचा काही उपयोग नव्हता, आणि बाकीच्यांना दूर करायचे दोन दिवस त्या भरवशावर गेले. त्यातून अशा औषधाचा अंश अंड्यात उतरतो, तो घरातली मुलं खातात. आजारी पक्षी आधी वेगळा करा, मग पशुवैद्यकांना फोन करा. १९६२ या क्रमांकावरही पशुवैद्यकीय मदत मागता येते.

मेलेली कोंबडी घाईने नजरेआड करणं

दुःखाच्या भरात आपण ती कापडात गुंडाळून पुरतो आणि काय झालं होतं ते कायमचं मातीत जातं. एखादीच गेली असेल तर ताजं शव पिशवीत बांधून बर्फात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नको, आणि शवविच्छेदनासाठी विचारा. १९५८ पासून आपल्या गावात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही नागपूरकरांची मोठी सोय आहे. गेलेलीसाठी नाही, उरलेल्यांसाठी हे करायचं.

मात्र एका दिवशी दोन-चार अचानक गेल्या, तुरे जांभळे-निळे पडले, तोंड सुजलं, तर हात लावू नका, कुठे नेऊ नका, कापू तर अजिबात नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लू म्हणजे लांबची गोष्ट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट गेले, ते याच विषाणूने.

साध्या मरणातही शव नाल्यात किंवा कचरागाडीत टाकू नका. विहीर-बोअरवेलपासून दूर तीन फूट खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड.

रिकामी जागा लगेच भरणं

लाली गेल्यावर लेकीला मी सांगितलं, "ती पळून गेली." माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. पुढचे चार दिवस शाळेतून आली की दप्तर न काढता ती मेंदीच्या कुंपणाखाली वाकून "लाली, लाली" म्हणत शोधायची. पाचव्या दिवशी मी तिला खड्ड्याजवळ नेलं आणि खरं सांगितलं. ती खूप रडली. मग तिनेच उरलेल्या तिघींचं पाणी बदललं. मुलांपासून मरण लपवू नका. आणि स्वतःचं रडणंही "कोंबडीच तर होती" म्हणून गिळू नका. रोज सकाळी जिच्या आवाजाने उठायचो ती नाहीये, तर घर सुनं वाटणारच.

पण त्या सुनेपणापोटी त्याच आठवड्यात नवीन पक्षी आणू नका. राणीखेतचा विषाणू विष्ठेत आणि तुसात बरेच दिवस टिकतो. सगळं तूस काढून जाळा, खुराडं घासून धुवा, चुना मारा, कडक ऊन खाऊ द्या, महिना-दीड महिना थांबा. उरलेल्या काही दिवस गप्प राहतात, आपसांत टोचाटोची करतात, कारण कोण वरचढ, कोण खालची ही त्यांची उतरंड मोडलेली असते. त्यांचं दाणापाणी नेहमीच्या वेळीच करा. एकटीच उरली असेल तर ती खाणं सोडू शकते, तिच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. आणि आणाल तेव्हा एक नको, दोन आणा, म्हणजे सगळा मार एकटीवर पडणार नाही.

आमच्या दोन नव्या तलंगा सध्या पुढच्या व्हरांड्यात आहेत. आज सतरावा दिवस. मागच्या तिघींचं झालं की मी त्यांच्याकडे जाते, आणि परत येताना नळावर लेक साबण घेऊन उभी असते.