इंदूरला सेमिनरीत आलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

जून-जुलैमध्ये नवे सत्र सुरू होते, तेव्हा अहिल्यानगर, जालना, मिरज, कोल्हापूर, नंदुरबार अशा भागांतून काही मराठी विद्यार्थी पाळकीय सेवेचे शिक्षण घेण्यासाठी इंदूरला येतात. मीही असाच शिकायला आलो, शिक्षण संपल्यावर इथल्याच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत राहिलो, आणि आज माझी मुले स्वतःला इंदूरचीच समजतात. या काळात शिक्षण अर्धवट सोडून परत गेलेले जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतल्या फार थोड्यांना अभ्यास झेपला नाही. बहुतेकांना काही वेगळीच अडचण होती आणि ती त्यांनी कोणालाही वेळेवर सांगितली नव्हती. म्हणून अभ्यासक्रमापेक्षा सेमिनरीतल्या सहजीवनाविषयी आणि तिथे मिळू शकणाऱ्या आधाराविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

प्रवासाचे आणि कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस आणि पुण्याहून थेट गाडी आहे. खानदेशातून येणाऱ्यांना धुळे-सेंधवा मार्गाची बस सोयीची पडते. बाप्तिस्म्याचा दाखला, आपल्या पाळकसाहेबांचे शिफारसपत्र, मंडळीने खर्चाची जबाबदारी घेतल्याचे पत्र, वैद्यकीय दाखला आणि मायग्रेशन सर्टिफिकेट यांच्या मूळ प्रतींबरोबर झेरॉक्सही आणाव्यात. माळव्याच्या पठारावरची थंडी कोकण-देशावरच्या विद्यार्थ्यांना अनपेक्षित असते, तेव्हा डिसेंबरसाठी जाड रजई आणि स्वेटर आधीच घेऊन या. शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा नियम कसोशीने पाळला जातो आणि वसतिगृहातही त्यात सूट नसते.

सेमिनरीचा दिवस सकाळच्या प्रार्थनेने सुरू होतो. नंतर तास, दुपारी श्रमदान, संध्याकाळी उपासना आणि रात्री शांततेत अभ्यास. प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थ्यांचा एक गट दिलेला असतो. हा गट ठरलेल्या दिवशी शिक्षकांच्या घरी जमतो, एकत्र जेवतो आणि एकमेकांसाठी प्रार्थना करतो. नव्या विद्यार्थ्यांना ही बैठक वेळापत्रकातला एक उपचार वाटते आणि पहिल्या परीक्षा जवळ आल्या की ते ती टाळू लागतात. माझा आग्रह असा आहे की एखादे वेळी तास चुकला तरी चालेल, पण ही बैठक चुकवू नका, कारण पुढे कोणत्याही संकटात तुमच्या मदतीला सर्वांत आधी हाच गट येणार आहे, आणि ज्यांनी तुम्हाला चांगल्या दिवसांत ओळखले आहे त्यांनाच वाईट दिवसांत तुमच्यात पडलेला फरक लक्षात येतो.

सुरुवातीला अनेकांना चॅपलमधल्या उपासनेत परकेपणा जाणवतो आणि त्याचे कारण समजून घेतले तर तो लवकर ओसरतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सी.एन.आय., अस्तित्वात आली. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते, आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा व माळव्यातल्या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचा वारसा आधीच सामावून घेतलेली युनायटेड चर्चही होती. इंदूरमध्ये 1877 पासून काम करणाऱ्या कॅनेडियन मिशननेच 1887 साली इथले ख्रिश्चन कॉलेज सुरू केले. साहजिकच एका चॅपलमध्ये कोणी गुडघे टेकतो, कोणी उभा राहतो, कोणी छापील प्रार्थनेत रमतो तर कोणाला उत्स्फूर्त प्रार्थनेशिवाय प्रार्थना झाल्यासारखे वाटत नाही. सी.एन.आय.ने बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. तरीही वसतिगृहात रात्री याच विषयावर वाद पेटतो आणि खोलीतले दोघे आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. वाद जरूर करावा, पण तो दुसऱ्याच्या मंडळीचा इतिहास वाचून करावा. आपल्या गावच्या मंडळीत जे चालत आले तेवढेच शास्त्राला धरून आहे, असे मानून केलेल्या वादातून कोणीच काही शिकत नाही.

भाषेची धास्ती घेऊ नका. बाजारातली हिंदी महिन्याभरात जमते. प्रार्थनेची आणि प्रवचनाची हिंदी मात्र मुद्दाम शिकावी लागते, कारण मंडळीला इथे कलीसिया म्हणतात, तारणाला उद्धार आणि शुभवर्तमानाला सुसमाचार. रोजचा शास्त्रपाठ मराठी आणि हिंदी अशी दोन्ही पवित्र शास्त्रे शेजारी ठेवून वाचलात, तर पहिले सत्र संपेपर्यंत सार्वजनिक प्रार्थना करताना अडखळायला होणार नाही. आपण सवयीने ‘सलाम’ म्हणतो, इथे ‘जय मसीह की’ म्हणतात. दोन्ही मनापासून स्वीकारले जातात. ग्रीक शिकताना मराठी विद्यार्थ्याला एक फायदाही होतो, तो असा की ग्रीकमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आणि विभक्ती प्रत्यय आहेत, त्यामुळे हिंदीभाषक सोबत्यांना नपुंसकलिंग समजून घ्यायला जो वेळ लागतो तो आपल्याला लागत नाही. तेव्हा ग्रीकच्या अभ्यासात तुम्ही त्यांना मदत करा आणि हिंदीसाठी त्यांची मदत घ्या. बरीच टिकाऊ मैत्री अशा देवाणघेवाणीतूनच जुळलेली मी पाहिली आहे.

सर्वांत कठीण काळ मात्र भाषेचा किंवा घरच्या आठवणीचा नसतो. तो साधारणपणे दुसऱ्या सत्रात, शास्त्राचा चिकित्सक अभ्यास सुरू झाल्यावर येतो. मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत आधी लिहिले गेले आणि मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पंचग्रंथाच्या, म्हणजे शास्त्रातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, रचनेत अनेक काळांतल्या परंपरा एकत्र आल्या आहेत. यशया ग्रंथाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग यशया संदेष्ट्यानंतरच्या, बाबेलच्या बंदिवासाच्या काळाशी जोडला जातो. ज्याने लहानपणापासून आजीच्या मांडीवर बसून शास्त्र ऐकले आहे, त्याला हे पहिल्यांदा वर्गात ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. काहीजण शिक्षकांनाच अविश्वासू ठरवून मोकळे होतात. काहीजण मात्र गप्प होतात. वर्गात उत्तरे बरोबर लिहितात, चॅपलमध्ये गीते गातात, पण एकांतात त्यांना प्रार्थना करता येत नाही आणि ही गोष्ट ते स्वतःशीदेखील कबूल करत नाहीत. देवाच्या सेवेसाठी आलेल्या माणसाने असे म्हणायचे तरी कसे, ही भीती त्यांच्या मनात असते, आणि गावच्या मंडळीने रविवारच्या दानातून आपल्याला पाठवले आहे या जाणिवेने ती आणखी वाढते.

अशा विद्यार्थ्याला मला इतकेच सांगायचे आहे की हा प्रश्न ज्यांनी शिकवला त्याच शिक्षकांकडे जा आणि वर्गात नव्हे, त्यांच्या घरी जाऊन बोला. तेही या वाटेने गेलेले असतात. शास्त्र माणसांच्या हातून, इतिहासातून घडत आले हे मान्य करूनही त्यात देवाचा शब्द कसा ऐकू येतो, हे ते पुस्तकापेक्षा स्वतःच्या आयुष्यातून अधिक चांगले सांगू शकतात. शास्त्रात स्तोत्र 88 आहे. त्याचा शेवट अंधारात होतो, त्यात कोठेही दिलासा नाही, आणि तरीही ती प्रार्थना आहे; ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याने ते स्तोत्र वाचले तरी त्याची प्रार्थना घडते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हे ओझे तुला एकट्याला वाहवणार नाही असे स्पष्ट सांगतो आणि मोशे ते ऐकतो. मदत मागणे ही विद्यार्थ्याची कमजोरी नसून पाळकीय प्रशिक्षणाचाच भाग आहे, कारण ज्याने स्वतःची अडचण कधी कोणापुढे मांडली नाही, त्याच्यापुढे उद्या मंडळीतली दुःखी माणसे आपली अडचण कशी मांडतील?

मात्र असे मोकळेपणाने बोलता यायचे तर सेमिनरीतली बोलणी भरवशाची असावी लागतात. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी 1935 ते 1937 या काळात तेव्हाच्या जर्मनीतील फिंकनवाल्डे येथे सेमिनरी चालवली आणि पुढे गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली. तिथे एक नियम होता की गैरहजर असलेल्या भावाविषयी कोणी बोलायचे नाही, आणि चुकून बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी याहून उपयोगी नियम मला ठाऊक नाही. प्रार्थनेची विनंती म्हणून एखाद्याची खासगी गोष्ट चारचौघांत सांगितली जाते, ती या नियमाने थांबते.

उदासी पंधरा-वीस दिवसांत हटली नाही, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचीही मदत घ्यावी. शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. इतर आजारांसाठी महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे एम.वाय., आहेच; पहिल्यांदा जाताना एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत घ्या.

पैशाविषयीही हेच. गावच्या मंडळीकडून येणारी रक्कम उशिरा येणे ही नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः पीक बुडालेल्या वर्षी. अशा वेळी मेसचे पैसे थकले म्हणून जेवणाला न जाणे, किंवा सोबत्यांकडून गुपचूप उसने घेणे, हे दोन्ही मार्ग घातक आहेत. महिना संपण्याआधी कोषाध्यक्षांना भेटून परिस्थिती सांगावी. हप्ते करून देता येतात, ग्रंथालयात किंवा बागेत काम देता येते, गरजू विद्यार्थ्यांच्या निधीतून तात्पुरती तरतूदही करता येते. मात्र आधी सांगितले तरच.

इंदूर मराठी माणसाला नवे नाही. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घराणी नांदत आली आहेत आणि मराठी साहित्य संमेलनही या शहरात 1917, 1935 आणि 2001 साली भरले होते. मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी असली तरी सणावाराला आणि घरगुती प्रार्थनासभांना ती एकमेकांच्या घरी जमतात, मराठी भजने म्हणतात आणि विद्यार्थ्यांना आवर्जून जेवायला बोलावतात; संकोच न करता जा. पण वसतिगृहात मराठी मुलांचा वेगळा कंपू करू नका. झाबुआ-धारकडून आलेला भिल्ल विद्यार्थी किंवा ओडिशा-छत्तीसगडकडून आलेला सोबती जेवणाच्या टेबलावर असताना आपण सतत मराठीत बोलत राहिलो, तर त्याला बाहेर ठेवल्यासारखेच होते.

शनिवार-रविवारच्या सेवाकार्यासाठी तुम्हाला शहरातल्या किंवा आसपासच्या गावातल्या मंडळीत पाठवले जाईल. तिथल्या पाळकसाहेबांच्या सांगण्याबाहेर, केवळ उत्साहाच्या भरात, कोणाच्या घरी स्वतंत्र सभा घेऊ नका. मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मांतराविषयी कायदा होता आणि 2021 साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. एका विद्यार्थ्याच्या बेफिकिरीची किंमत तिथल्या गरीब कुटुंबांना मोजावी लागते. आजाऱ्यांची भेट, मुलांचा अभ्यास, रविवारची शाळा, म्हाताऱ्यांना शास्त्र वाचून दाखवणे या कामांतच खरे शिक्षण आहे.

कुटुंबासह आलेल्यांना एक विनंती. तुम्हाला वर्ग आहे, सोबती आहेत, ग्रंथालय आहे. तुमच्या पत्नीला किंवा पतीला नव्या गावात, परक्या भाषेत दिवस काढायचा असतो. गटाच्या बैठकीला त्यांना सोबत न्या, महिला संघात किंवा गायक मंडळात त्यांची ओळख करून द्या, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाकडे पहिल्याच आठवड्यात जाऊन या. मुलांच्या शाळाप्रवेशाची चौकशी यायच्या आधीच फोनवरून केलेली बरी.

शेवटचे, नाताळाविषयी. पहिल्या वर्षी बहुतेकांना वाटते की नाताळला घरी जायला मिळेल. प्रत्यक्षात नेमून दिलेल्या मंडळीत कॅरल, नाटिका, मध्यरात्रीची उपासना आणि 25 डिसेंबरची उपासना यांसाठी तुमची गरज असते आणि सुटी त्यानंतर मिळते. घरच्यांना हे ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवा, म्हणजे आईचा हिरमोड ऐनवेळी होणार नाही. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते, तेव्हा 26 किंवा 27 तारखेचे तिकीट ऑक्टोबरच्या शेवटी काढा; वॉर्डनकडून सुटीची तारीख मात्र त्याआधी लेखी घ्या.