रिसेप्शनची दारू: हिशेब डोक्यांचा नको, पिणाऱ्यांचा करा

धाकट्या भावाचं रिसेप्शन अंधेरीला होतं, पाहुणे तीनशे. कॅटररने तीनशेंना गुणून आकडा दिला. तो मला पटेना. आमच्याकडे काकू, आत्या, आजोबा मंडळी जेवून, आशीर्वाद देऊन लोकल गाठतात. म्हणून ताईला घेऊन यादीवर बसलो आणि नावासमोर खूण केली: पितो, नाही, नुसती बिअर. पिणारे निघाले १२०.

पहिल्या तासाला दोन, पुढे तासाला एक. तीन तासांचे माणशी चार, म्हणजे ४८० ड्रिंक्स. निम्मी व्हिस्की-रम धरली. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा पेग बसतात, म्हणून २४० पेगना २० बाटल्या. बिअर १४४ ग्लास. ६५० मिलीच्या बाटलीत दोन, म्हणजे ७२ बाटल्या, बाराच्या सहा पेट्या. उरलेले ९६ ग्लास वाइनचे. बाटलीत पाच, म्हणून २०.

वाढवायचंच तर व्हिस्की वाढवा, ती टिकते. बिअर उरली तर काही महिन्यांत तिची चव जाते. बर्फ आणि सोड्यात मात्र हात आखडू नका. मुंबईच्या दमट हवेत आधी तेच संपतं.

हॉलची परवानगी पुरत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आधी काढा, ड्राय डे तपासा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे भावाच्या कॉलेजच्या मित्रांची वयं यादीतच लिहून बारवाल्याला दिली.