३६० (चहूबाजूंनी दिसणारा) व्हिडिओ व्हीआर हेडसेटवर दाखवण्याआधी

चार्जिंग, लेन्स पुसायचं कापड, फिरत्या खुर्च्या. हे तुम्हाला माहीत आहे. मी सांगणार आहे ते टॅगचं. एमपी४ फाईलमध्ये ‘हा गोलाकार व्हिडिओ आहे’ असा मेटाडेटा (फाईलबद्दलची नोंद, हाच तो टॅग) नसेल, तर बरेचसे प्लेअर तो साध्या व्हिडिओसारखा लावतात आणि माणसासमोर नुसतं ताणलेलं सपाट चित्र येतं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. आयोजकांनी ऐनवेळी लोगो बदलायला लावला, फाईल पुन्हा एन्कोड झाली (नव्याने दाबून तयार झाली), टॅग गेला.

आता रिझोल्यूशन. ‘४के’ ऐकून हुरळू नका. ३८४० पिक्सेल ३६० अंशांत वाटले जातात. ९० अंशांच्या नजरेत त्यातले ९६० उरतात. निदान ५७६० × २८८० घ्या. त्यासाठी एच.२६४ (व्हिडिओ दाबायची जुनी पद्धत) नको, त्याची लेव्हल ५.२ (क्षमतेची पायरी) सुद्धा ४०९६ × २३०४ ला थांबते. एचईव्हीसी (त्यानंतरची पद्धत, एच.२६५) वापरा, पण तुमचा हेडसेट एवढं डीकोड करतो (उलगडून दाखवतो) का ते आधी बघा. इक्विरेक्टँग्युलर चित्रात (गोल उलगडून आयतात पसरलेलं नेहमीचं रूप) जगाच्या नकाशासारखंच होतं: डोक्यावरचा एक बिंदू अख्खी ओळ खातो, आणि एकूण सुमारे ५७ टक्के पिक्सेल फुकट जास्त जातात. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रामच्या व्ही३६० फिल्टरने क्यूबमॅप (गोल घनाच्या सहा बाजूंवर मांडणं) केला की ही उधळपट्टी बरीच कमी होते. प्लेअरला क्यूबमॅप चालतो ना? आणि प्रोजेक्शन (गोल सपाट करायची पद्धत) बदललं की टॅगही बदलायचा. विसरू नका.

टाइल्स करून स्ट्रीम करणार असाल, म्हणजे चित्राचे चौकोन पाडून नजर आहे तिकडचेच चांगल्या दर्जात पाठवणार असाल, तर कीफ्रेमवर (स्वतःपुरती पूर्ण फ्रेम, जिच्यापासून व्हिडिओ सुरू करता येतो) वेळ घाला. मान वळली की नव्या दिशेची चांगली टाइल पुढच्या कीफ्रेमपासूनच सुरू होते. सेगमेंट (कीफ्रेमपासून सुरू होणारा तुकडा) पाच सेकंदांचा असेल तर माणूस तेवढा वेळसुद्धा धूसर भिंतीकडे बघत बसेल, मळमळेल ते वेगळंच. एका सेकंदाचा ठेवा. बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) वाढतो, वाढू दे. सगळ्या दर्जांत कीफ्रेम एकाच जागी, सीनकट (दृश्य बदलताच आपोआप कीफ्रेम टाकणं) बंद. टाइल्सच्या खाली पूर्ण गोलाचा हलका, कमी दर्जाचा थर कायम चालू हवा, नाहीतर मान वळवताच काळं दिसेल.

वाय-फाय: दहा हेडसेट, प्रत्येकी २५ एमबीपीएस, म्हणजे २५०. वेगळा राउटर, ५ गिगाहर्ट्झ, सर्व्हरला केबल. प्रेक्षकांच्या फोनना पासवर्ड देऊ नका. जमलं तर फाईल हेडसेटमध्येच टाका.

आवाज, सुरुवातीची दिशा: बघून घ्या.

आणि टॅग. एफएफएमपेगने नुसतं कापलं तरी तो गळू शकतो, ‘स्ट्रिक्ट अनऑफिशियल’ हा पर्याय द्या. लोगो बदलला? पुन्हा तपासा. नाव बदलून नवी फाईल दिली? पुन्हा. लॅपटॉपवर बघितलेलं धरायचं नाही; जी फाईल लागणार तीच हेडसेटवर लावून मागे वळून बघा.