सांगली ते न्यूजर्सी: आईबाबांना विमानात बसवण्याआधी

आधी अंतराचा अंदाज नीट घ्या, कारण औषधांपासून डब्यापर्यंत पुढचं सगळं त्यावर बेतायचं आहे. मुंबई ते न्यूअर्क (न्यूजर्सीतला विमानतळ) हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सहारा, अटलांटिक अशी जाते. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, तो अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. सर्वांत जवळची वाट तीच. विमान दर वेळी तिथूनच जाईल असं मात्र नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपल्या कंपन्यांना वळसा घालावा लागला. म्हणून ताशी ९०० किलोमीटरने भागून आलेले १४ तास धरून चालू नका, जाताना १५ ते १६ धरा. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. ते जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात, त्यामुळे परतीला वेळ कमी लागतो.

दुबईमार्गे अंतर जेमतेम चार-पाचशे किलोमीटरने वाढतं. वेळ जातो तो तिथे ताटकळण्यात. दोघंच जाणार असतील तर पैसे थोडे जास्त मोजून थेट विमानच घ्या, असं माझं मत.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून रात्री १:३०, न्यूअर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३०, म्हणजे सहा तास नव्हे. उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवून साडेपंधरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा. आणि तारीख दोनदा वाचा: १२ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे ११ला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर, वाटेत घाट, पावसाळ्यात भरवसा नाही. १० तारखेलाच निघून ठाण्या-पुण्याच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणं उत्तम. तसं न जमल्यास रस्त्याचे आठ, विमानतळावरचे चार, विमानातले सोळा आणि उतरल्यावर इमिग्रेशन-सामानाचे दोन असे घर ते घर तीस तास होतात. तयारी या तीस तासांची करायची.

गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं. सोबत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी हवी. ‘सकाळ-संध्याकाळ’ असं लिहिलेलं या प्रवासात उपयोगाचं नाही. कोणती गोळी किती तासांनी घ्यायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. चालता येतं म्हणून आई नको म्हणेल, पण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं, हे तिला प्रेमाने समजावा. विमानात दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाय सुजत नाहीत. पॉवर बँक हातातल्या सामानात. मेतकूट, भाजणी मोठ्या बॅगेत, आणि फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट सांगायचं. आंबे आणि ताजा कढीपत्ता अजिबात नको, तिथे काढून घेतात.

न्यूजर्सीत राहणाऱ्या मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात वेगवेगळा ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद दाखवता येतो.