फ्लटर शिकायला घेताय? आधी हे वाचा

मी मेकॅनिकलची, व्हायब्रेशनचा पेपर छान गेलेला, त्यामुळे विमानांच्या स्ट्रक्चरच्या कामात शिरले तेव्हा वाटलं फ्लटर (उडताना पंखाचं आपोआप वाढत जाणारं थरथरणं) म्हणजे पंखाचा रेझोनन्सच की. तसं नाहीये, आणि हे नीट कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं म्हणून लिहितेय.

रेझोनन्सला बाहेरून कोणीतरी ठराविक फ्रिक्वेन्सीने ढकलत राहावं लागतं. फ्लटरला नाही लागत. पंख वर-खाली वाकतो आणि त्याला पीळही पडतो, वेग वाढला की या दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी जवळ येतात आणि मग पंख स्वतःच हवेतून एनर्जी ओढायला लागतो, डॅम्पिंग (हेलकावे विझवणारा विरोध) शून्याखाली गेलं की बारीकसा हेलकावाही वाढतच जातो.

लॉकहीड इलेक्ट्रा या प्रवासी विमानाची केस वाचाच. २९ सप्टेंबर १९५९ ला टेक्सासमधे एक आणि १७ मार्च १९६० ला इंडियानात दुसरं, दोन्ही विमानांचे पंख हवेत तुटले, ३४ आणि ६३ माणसं गेली. इंजिनाचं माउंटिंग कमजोर झालं की प्रोपेलर भोवऱ्यासारखा डोलायला लागायचा आणि त्या डोलण्याची फ्रिक्वेन्सी उतरत उतरत पंखाच्या फ्रिक्वेन्सीला येऊन मिळायची. याला व्हर्ल फ्लटर म्हणतात. मी ती केस वाचून दोन दिवस दुसरं काही केलं नाही.

नॅस्ट्रानला (स्ट्रक्चरची गणितं करणारं सॉफ्टवेअर) लगेच हात लावू नका, त्यातलं फ्लटरचं सोल्युशन १४५ काहीतरी आकडे देतंच, ते चूक की बरोबर हे तुम्हाला कळायला हवं ना. आधी पंखाचा एकच छेद घ्या, वर-खाली आणि पीळ एवढ्या दोनच हालचाली, समीकरणं हाताने मांडा, पायथनमधे वेगाप्रमाणे फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंगचे ग्राफ काढा. थिओडोरसेनचा १९३५ चा NACA चा (नासाच्या आधीची अमेरिकन संस्था) रिपोर्ट फुकट मिळतो, जड आहे पण वाचा. मग वजनाचा मध्य थोडा पुढे सरकवून बघा, फ्लटर स्पीड वर जातो. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) बिजागरीपुढे वजन का लावतात ते तिथे कळतं.

टेस्टिंगही सोडू नका. एका टोकाला घट्ट धरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर हातोडीने टेस्ट करताना मला दुसरा मोड (पट्टीच्या थरथरण्याची दुसरी ठरलेली तऱ्हा) दिसेचना, दोन दिवस सेटिंग बदलत बसले. अ‍ॅक्सेलरोमीटर हा थरथर मोजणारा सेन्सर मोकळ्या टोकापासून साधारण एक पंचमांश अंतरावर चिकटवलेला, म्हणजे बरोब्बर त्या मोडच्या नोडवर, तिथे पट्टी हलतच नाही. टोकाला लावला आणि पहिल्याच ठोक्याला ग्राफवर त्याचं शिखर आलं.