कनिष्ठ महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवताय? या चुका टाळा

अकरावीचे प्रवेश उरकून वर्ग नीट भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. तोवर १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येऊन पडलेलं असतं. फेब्रुवारीत बारावी बोर्डाची परीक्षा, म्हणजे दिवाळीनंतर बारावीची पोरं मैदानाकडे फिरकत नाहीत. कागदावर दोन वर्षं मिळतात, हातात येतात जेमतेम दहा-बारा महिने. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं हे काम करतोय. माझ्या आणि माझ्यासारख्यांच्या बहुतेक चुका या एका घाईतून झालेल्या मी पाहिल्यात.

उंची बघून संघ, आणि सगळा भरवसा झोनवर

वर्गावर्गांतून फिरून उंच पोरं हुडकायची, त्यांना रिंगखाली उभं करायचं आणि बाकीच्यांना झोनमध्ये, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखत, हात वर करून ठेवायचं. जिल्ह्यात याने एक-दोन सामने निघतात, कारण समोरच्यांनाही लांबून बास्केट करता येत नसते. मग नाशिक विभागाला गाठ पडते ती लहानपणापासून चेंडू हाताळलेल्या पोरांशी. चार पास झटपट फिरले की झोन फाटतो, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, ६.७५ मीटरवरून, दोन चेंडू जाळीत पडले की आपली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. एका वर्षी आमचा सामना दुसऱ्या क्वार्टरमध्येच संपल्यात जमा होता. सगळा खेळ ज्याच्यावर उभा केला, तो उंच मुलगा चार फाउल घेऊन बाकावर बसला होता. पाचवा झाला की तो बाहेरच, म्हणून आत पाठवायचीही भीती. बाकीच्यांना झोनमधून बाहेर येऊन माणूस धरायला मी शिकवलंच नव्हतं.

खरं तर आपली पोरं कोरी येत नाहीत. शिरपूर, साक्री, शहादा भागातून येणारी बरीचशी कबड्डी-खो-खो खेळलेली असतात. कबड्डीत गुडघ्यात वाकून दोन्ही बाजूंना सरकायची सवय लागते, ती मॅन टू मॅन बचावाला, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एक खेळाडू धरण्याला, जशीच्या तशी चालते. खो-खोवाल्याचा पहिल्या दोन पावलांचा वेग तर विकत घेऊन मिळत नाही. अडचण एवढीच, की चेंडू हातात येताच त्याचे पाय आधी निघतात आणि पंच ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू न टप्पवता जास्त पावलं टाकल्याची, शिट्टी मारतो. यावर ओरडून उपयोग होत नाही. पहिले तीन-चार आठवडे रोज पंधरा मिनिटं एवढंच करून घ्या: पळत ये, चेंडू घे, दोन पायांवर थांब, एक पाय रोवून त्याच्यावर वळ (पिव्हट), पास दे. बघायला कंटाळवाणं आहे, पण ऑक्टोबरात त्याच्याइतकं दुसरं काही कामाला येत नाही.

मोकळे ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेले चेंडू) चुकत असतील तर चेंडू बाजूला ठेवून नुसती पावलं चालवा. उजव्या बाजूने जाताना उजवा, डावा आणि उडी. पाय बसले की चेंडू द्या. डावा हात लंगडा वाटला तर एक आठवडा सगळं डाव्यानेच.

फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे नेम) सरावात पडतात आणि सामन्यात चुकतात, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. सरावात पोरगा ताज्या दमाने सलग पंचवीस मारतो, सामन्यात मात्र धापा टाकत फक्त दोन. म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या पळवून लगेच दोनच फ्री थ्रो, पुन्हा दोन फेऱ्या, असं करा. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले, की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. अटीतटीचा सामना बहुधा तिथेच फिरतो.

रिंग न मोजता पोरांना दोष देणं

बाहेरगावी गेल्यावर सगळ्यांचेच नेम आखूड पडू लागले, तर आधी घरची रिंग मोजा. ती जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. आपल्या उघड्या मैदानांवर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर चढतो, खांब मात्र तिथेच असतो. त्यात पोरं लोंबकळून रिंग वाकवतात. आमची मोजली तेव्हा चांगली चार बोटं खाली निघाली. मुलींना ७ नंबरचा चेंडू देऊ नका, त्यांचा ६ नंबरचा. एकाच चेंडूवर दोन्ही संघ भागवले की मुलींचा हात बिघडतो.

ऊन आणि गुडघे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि सिमेंटचं मैदान सूर्य मावळल्यावरही तापलेलं असतं. उन्हाळी शिबिर सकाळी साडेआठच्या आत संपवा. पाणी मागितल्यावर देण्यापेक्षा ठरावीक वेळाने शिट्टी वाजवून सगळ्यांनाच पाजा. पोरगा गोंधळल्यासारखं बोलू लागला, लडखडला, तर सराव तिथेच थांबवा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. बरीच पोरं उपाशीपोटी येतात. रावेर-यावलची केळी आपल्या दारात असताना सरावाआधी प्रत्येकाला एक केळं देणं कुठल्याही कॉलेजला जड नाही.

उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत असतील तर ते आजच सुधारा. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते आणि दोन वर्षांच्या कारकिर्दीत ती एकदा झाली की खेळच संपतो.

घरी न जाणं

पोरगा आठ दिवस आला नाही की आपण ठरवून टाकतो, याला आवडच नाही. माझ्या चांगल्या खेळाडूंपैकी निम्मे तरी मी असेच गमावले असतील. मग एकदा एकाच्या घरी गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, आई शेतातून नुकतीच आलेली. ती म्हणाली, ‘सर, पोऱ्याले बारावी व्हऊ द्या, मंग खेळी.’ मी वाद घातला नाही. चहा घेतला आणि विचारलं, गावाची शेवटची बस किती वाजता? पावणेसहा. माझा सराव सहाला सुटायचा. पोरगा दोन महिने कुणाच्या तरी मोटारसायकलवर लटकून रात्री घरी येत होता आणि आईचा जीव टांगणीला लागत होता. आम्ही सराव सकाळवर आणला, तो पुन्हा आला.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गाव, शेवटच्या बसची वेळ आणि नीट-जेईईच्या क्लासची वेळ लिहिलेली असते. क्लासवाल्या पोरांना रोज दोन तास मागू नका. आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी सव्वा तास मागा आणि घड्याळ पाळा. पालकांचा विश्वास वेळेवर सोडणाऱ्या सरांवर बसतो.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. मुक्कामाच्या स्पर्धेला शिक्षिका सोबत असल्याशिवाय संघ नेऊ नका, कितीही मोठी स्पर्धा असो. निघताना आणि पोहोचल्यावर प्रत्येक घरी फोन करा. एकट्या मुलीला वेगळं थांबवून सराव घेऊ नका.

कागद नंतर बघू म्हणणं

जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग किंवा तारीख जुळत नसेल, तर ते जुलैतच कळायला हवं. स्पर्धेच्या टेबलावर कळलं तर पोरगा बाहेर बसतो. जिंकल्यावरची प्रमाणपत्रं मुलांच्या हाती देण्याआधी प्रत काढून ठेवा. बारावीला क्रीडागुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत मुदतीत जावा लागतो. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेला पोरगा क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे प्रमाणपत्र पडताळायला जाईल, तेव्हा सात-आठ वर्षांपूर्वीची तीच प्रत तो शोधत असेल.

स्वतःची फाईल रिकामी ठेवणं

आपल्यापैकी बरेच जण तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर लागतो. ‘या सोमवारपासून, ऑर्डर नंतर देतो’, असं म्हटलं की आपण मैदान झाडायला लागतो. मी अशी तीन वर्षं एका ठिकाणी काढली. संघ विभागापर्यंत गेला, पण नंतर दुसरीकडे मुलाखतीला अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा हातात काहीच नव्हतं, आणि द्यायला तिथे तेव्हाचं कुणी उरलं नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला नेमणुकीचं पत्र घ्या, शेवटी अनुभवपत्र घ्या, संघाचा प्रवेशअर्ज आणि स्कोअरशीटची प्रत लावा.

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी झाली म्हणजे बास्केटबॉल आला, असंही नाही. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम घरच्या जबाबदारीमुळे जमत नसेल, तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. पंचाची परीक्षाही द्या. नियम बदलत राहतात. आक्रमणातला रिबाउंड, म्हणजे आपलाच चुकून रिंगवरून परतलेला चेंडू, घेतल्यावर शॉट क्लॉक (नेम मारायच्या मुदतीचं घड्याळ) २४ नाही, १४ सेकंदांवर येतं, हे ठाऊक नसल्याने चेंडू गमावणारे संघ मी पंच म्हणून पाहिलेत, आणि त्यांचे सर बाजूला उभे राहून माझ्यावरच चिडलेले होते.

३ बाय ३ कडेही, म्हणजे तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलकडेही बघा. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिक खेळ आहे. अर्धं मैदान, एक रिंग आणि एक बदली धरून चार खेळाडू लागतात. दिवाळीनंतर बारावीची पोरं गेली आणि अकरावीची सहाच उरली, तर सराव बंद करू नका. त्या सहांना तीन-तीनमध्ये वाटा, चेंडू टाका. पुढच्या जुलैत तुमचा संघ त्यांच्याभोवतीच उभा राहायचा आहे.