पावसाळी गटार म्हणजे नदीच: या चुका टाळा

पुण्यात रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी मैलाशुद्धीकरण केंद्रात जातं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. पावसाळी लाईन वेगळी आणि मैलापाण्याची ड्रेनेज लाईन वेगळी. पावसाळी लाईनचं पाणी थेट ओढ्यात जातं, तिथून मुळा-मुठेत, मग भीमेतून उजनी धरणात. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. रंगाऱ्याने ब्रश धुतलेलं पाणी किंवा गाडीचं जुनं ऑइल जाळीत ओतताना हे डोळ्यासमोर असायला हवं.

सगळ्यात मोठी चूक घराघरांत होते. बाल्कनी बंद करून तिथे वॉशिंग मशीन बसवतात आणि मशीनची नळी पावसाच्या पाइपला जोडून टाकतात. ही चूक ओळखायची साधी खूण आहे. एप्रिलमध्ये, बरेच दिवस पाऊस नसताना, पावसाळी चेंबरचं झाकण उघडा. आत कोरडंठाक हवं. आमच्या सोसायटीत उघडलं तेव्हा राखाडी पाणी संथ वाहत होतं, वर फेस आणि कडेला चिकटलेली भाताची शितं. म्हणजे नुसतं मशीन नव्हे, कुणाचं तरी सिंकही त्यातच होतं. मग एकेका फ्लॅटमधून नीळ कालवलेलं बादलीभर पाणी सोडलं आणि खाली एकाला चेंबरपाशी उभं केलं. निळं पाणी आलं की फ्लॅट नंबर लिहायचा. अशा चार जोडण्या सापडल्या. प्लंबरने त्या ड्रेनेजला वळवून दिल्या. बघायचं ते वरूनच. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, आतल्या विषारी वायूने माणसं दगावतात.

याच्या उलट चूकही तितकीच घातक: गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडणं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी होतं. ड्रेनेज लाईन एवढ्या पाण्यासाठी बांधलेलीच नसते. मग तळमजल्याचा कमोड उलटा भरतो, रस्त्यावरचं झाकण उसळतं आणि मैला वाहत ओढ्यातच जातो. कमोड फक्त जोराच्या पावसातच तुंबत असेल, तर आधी गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते तपासा.

नालेसफाईत काढलेला गाळ काठावरच राहिला, तर वळवाच्या एका सरीत तो परत नाल्यात जातो. गाड्यांचं तेल आणि टायरची भुकटी त्यातच मुरलेली असते. सुकायला ठेवावाच लागला तर काठापासून लांब, ताडपत्री घालून ठेवावा. ढीग पडून दिसला की फोटो काढून पालिकेकडे तक्रार करा आणि तो उचलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

झाडांच्या बुंध्याला काँक्रीटचा विळखा घालू नका. तिथे जिरू शकणारं पाणी उगाच रस्त्यावर येतं.

आणि पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या, उत्साहात पार्किंगचं पाणी बोअरमध्ये सोडू नका. ऑइल मिसळलेलं ते पाणी एकदा जमिनीखाली गेलं की साफ करणं जवळपास अशक्य. गच्चीचंच पाणी घ्या, तेही फिल्टरमधून. पहिल्या पावसाचं पाणी मात्र पाइपवरचा व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढायचं. त्यात धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. तो व्हॉल्व्ह कोण फिरवणार, हे मे महिन्यातच नाव घेऊन ठरवा. पहिली सर आली की सगळे खिडक्या लावायला धावतात आणि गच्चीवर कुणीच नसतं.